घाटावर बसलेली चित्रकार कामावर असते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरची. जी. डी. आर्ट, म्हणजे चित्रकलेची सरकारी पदविका, झालीय, पंचवीस वर्षं झाली चित्रं काढून घर चालवते, त्यातलं बरंचसं काम लँडस्केपचं आणि तेही जागेवर बसून, आम्ही ज्याला ऑन द स्पॉट म्हणतो ते. पेपरला पत्र लिहायची सवय नाही, पण मागच्या डिसेंबरात जे झालं ते मनातून जात नाही आणि आमच्या चित्रकारांच्या ग्रुपवर त्याच्याबद्दल कितीही बोललं तरी ते ग्रुपमध्येच राहतं, म्हणून तुमच्याकडं लिहितेय. पत्र लांबलंय, जमेल तेवढं छापा.

झालं असं की सकाळी साडेसहाला मी एका जुन्या वास्तूपाशी पोचले. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भांडण त्या जागेशी नाही आणि तिथल्या वॉचमनशी तर नाहीच. आदल्या दोन दिवशी जाऊन नुसती बघून आले होते. तिथल्या एका कमानीतून ऊन आत कधी येतं, कुठल्या दगडावरून कुठं सरकतं, किती वेळ टिकतं, सगळं वहीत पेन्सिलनं टिपून ठेवलेलं. सव्वासात ते पावणेनऊ, एवढाच वेळ. स्टूल मांडलं, इझल, म्हणजे बोर्ड ठेवायचं तीन पायांचं स्टँड, उभं केलं, कागद बोर्डाला चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला, बाटलीतलं पाणी डब्यात ओतलं. ड्रॉइंग झालं, आकाशाचा आणि मागच्या भिंतीचा पहिला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, मारला आणि तो वॉश ओला असतानाच मागून आवाज आला, "ओ मॅडम, काय करालाय? परमिशन हाय काय?"

मी म्हणलं, दादा, चित्र काढतेय, कुणाच्या वाटेत नाही, तासाभरात उठते. तो म्हणाला, "चित्र काढा की, पर ते स्टँड हाय न्हवं, स्टँडला परमिशन लागती." मी म्हणलं, स्टँड काढते, बोर्ड मांडीवर घेते. तर म्हणाला, आता बसाय येत न्हाई, साहेबांना विचारल्याबिगर मला सोडता यायचं न्हाई, माझी नोकरी जाईल. आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला खरंच भीती वाटतेय, म्हणून मी वाद घातला नाही. साहेब दहाला येणार होते. मी तिथंच पायरीवर बसून राहिले, बोर्ड शेजारी भिंतीला टेकवलेला, आणि ज्या उन्हासाठी आले होते ते ऊन समोर कमानीत आलं, पहिल्या पायरीवर उतरलं, दुसरीवर गेलं, आतल्या कोनाड्यापर्यंत पोचलं आणि पावणेनऊला निघून गेलं. मी नुसती बघत होते. तेवढ्या वेळात पन्नासेक लोक आले असतील, सगळ्यांनी फोनवर फोटो काढले, चार पोरं रील करत होती, एक जोडपं प्री-वेडिंगचं शूट करून गेलं. त्यांनी काढू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही, जागा सगळ्यांची आहे. पण मग माझीही आहे, एवढंच.

साहेब सव्वादहाला आले. बोलायला चांगले होते, चहा पण मागवला. म्हणाले, मॅडम, अर्ज द्या, वर पाठवतो, वरून आलं की कळवतो. कधी येईल विचारलं तर म्हणाले ते आमच्या हातात नाही.

आता हे नियम कुठून आलेत ते मला थोडंफार माहिती आहे. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडच्या स्मारकांत आता बहुतेक ठिकाणी साधा फोटो काढायला मुभा आहे, पण ट्रायपॉड लावला की वेगळी परवानगी लागते, कारण ट्रायपॉड म्हणजे धंद्याचं शूटिंग असं धरलं जातं. त्यात चूक काही नाही. पण इझलला तीन पाय असतात म्हणून ते ट्रायपॉड होत नाही. गेटवरच्या माणसाला हा फरक कुणी सांगितलेलाच नसतो, आणि कागदावर लिहिलेला तर कुठंच नसतो, मग तो बिचारा आपल्या अंगावर नको म्हणून नाही म्हणतो. महापालिकेची बाग असो, धरणाचा परिसर असो, एखाद्या संस्थानचा घाट असो, सगळीकडं मला हाच अनुभव येतोय, आणि गेल्या पाच-सात वर्षांत जास्त येतोय. पूर्वी लोक विचारायचे, काय काढताय? आता विचारतात, कुणाला विचारून काढताय?

कुणी म्हणेल, मॅडम, एक फोटो काढा आणि घरी बसून रंगवा, एवढं काय. हे मला नातेवाईक पण म्हणतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. फोनच्या फोटोत सावली काळी येते. आकाश नीट आलं की सावल्या काळ्या आणि सावल्या नीट आल्या की आकाश पांढरंफटक. डोळ्याला तसं दिसत नाही. आपल्या काळ्या दगडाच्या भिंतीची सकाळची सावली अर्धा तास बघत बसा, त्यात निळा दिसायला लागतो, मग खाली जमिनीवरून उडालेल्या उन्हाचा उबदार तांबूसपणा दिसायला लागतो, कोपऱ्यात शेवाळ असेल तिथं हिरवट. मी काळा रंग पॅलेटमध्ये ठेवतच नाही. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून दगडाचा करडा करते, निळा जास्त पडला की गार सावली, सिएना जास्त पडला की ऊन खाल्लेला दगड. हे प्रमाण घरात बसून अंदाजानं येत नाही, समोर बघूनच येतं आणि दर वेळी वेगळं येतं. पाऊस पडून गेल्यावरचा ओला दगड तर अजून वेगळा, तो वर आकाश घेतो आणि खाली एकदम गडद होतो.

आणि जलरंगात चूक खोडता येत नाही. पांढरा रंग लावत नाही आम्ही, पांढरं म्हणजे कोरा ठेवलेला कागद. कमानीच्या कडेवर जी उन्हाची बारीक रेघ आहे ती तुम्ही रंगवत नाही, तिच्या दोन्ही बाजू रंगवता आणि तिला सोडून देता. एकदा तिच्यावरून ब्रश गेला की गेली. म्हणजे कुठं काय सोडायचं हे आधी ठरवायला लागतं आणि ठरवायला ऊन समोर असायला लागतं. शिवाय हवा. जुलैत इथं कागद वाळता वाळत नाही, पहिला वॉश ओला म्हणून दुसरा मारता येत नाही, मारला तर चिखल होतो, आणि एप्रिलात ब्रश कागदावर फिरतोय तोवर मागची कड वाळून डाग पडतो. हे सगळं सांभाळून दीड तासात पाव शीट, म्हणजे अकरा बाय पंधरा इंचाचं एक चित्र होतं. कधी होतं, कधी नाही. चार सकाळी गेल्या तर एक चित्र फ्रेम करण्यासारखं निघतं असा माझा हिशोब आहे. तेव्हा एखादी सकाळ गेटवर गेली तर तो कामावरचा खाडा आहे, टाइमपास बुडाला असं नाही.

मी हे घाटावर शिकले. पंचगंगेच्या घाटावर. ऊन तिथं गावाच्या बाजूनं, आपल्या पाठीमागून येतं, आधी पलीकडच्या काठावरच्या झाडांचे शेंडे पेटतात, मग शिवाजी पुलाच्या दगडी कमानी, मग पाण्यातली देवळं, आणि सगळ्यात शेवटी आपण बसलोय त्या पायऱ्या. थंडीत पाण्यावर धुकं असतं, त्यामुळं पूल पुसल्यासारखा दिसतो आणि त्याचं प्रतिबिंब मात्र स्पष्ट. पहिल्यांदा एकटी जाऊन बसले तेव्हा बाविशीची होते, हात कापत होता आणि तो थंडीनं नाही. कॉलेजात मुलं-मुली मिळून घोळक्यानं जायचो तेव्हा काही वाटलं नव्हतं, पण एकटी बाई सकाळच्या पारी स्टूल टाकून दोन तास एका जागी बसलीय म्हणल्यावर मागं उभं राहणारे, वाकून बघणारे, उगाच दोनदा जवळनं जाणारे, सगळे प्रकार होतात. तेव्हा धुणं धुवायला येणाऱ्या बायकांनी मला सांभाळलं. त्यातली एक मावशी रोज यायची, चौथ्या-पाचव्या दिवशी जवळ येऊन म्हणाली, "बघू गं, आमास्नी काढलंस काय?" मी दाखवलं. त्यात चार टिपके होते, एक लाल, एक हिरवा, दोन पिवळे. ती बघत राहिली, म्हणाली, "ही लाल मीच की. वाकलीया बघ कशी, धपाटा हाणल्यागत." चेहरा नाही, हात नाहीत, ब्रशचा एक फटकारा होता तो, पण तिनं स्वतःला कमरेच्या बाकावरून ओळखलं. त्यानंतर कुणी मागं रेंगाळायला लागलं की तीच ओरडायची, "पोरीला काम करू दे की रं, व्हय बाजूला." काम हा शब्द तिनं वापरला होता. त्या वेळी माझ्या घरात पण कुणी तो वापरत नव्हतं.

बायकांच्या बाबतीत अजून एक सांगायला हवं, कुणी सांगत नाही म्हणून. बाहेर बसून काम करायचं म्हणजे सकाळपासून पाणी कमी प्यायचं, कारण स्वच्छ बाथरूम कुठंच नसतं. उन्हाळ्यात त्याचा त्रास होतो, मला झालाय, औषधं घेतलीत. माझ्या बरोबरीच्या तिघी-चौघी चांगल्या लँडस्केप करणाऱ्या मुली हळूहळू स्टुडिओत बसून फुलं आणि पोर्ट्रेट करायला लागल्या त्याचं एक कारण हे पण आहे. एवढं सोसून आपण जागेवर जायचं आणि गेटवर परवानगी विचारली की जीव तुटतो.

आता पोटापाण्याचं. लोकांना वाटतं चित्रं विकून चित्रकार जगतो. माझ्या कमाईतली निम्म्याहून जास्त कमाई क्लासची आहे आणि क्लास चालतो तो एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शाळेतल्या मुलांच्या सरकारी चित्रकला परीक्षांवर. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला सात मार्क वाढतात, बी ला पाच, सी ला तीन, त्यासाठी पालक मुलांना घेऊन येतात. मला त्याचं वाईट वाटत नाही, सात मार्कांसाठी आलेल्या मुलांतलीच दोन-तीन पुढं खरी चित्रकलेकडं वळलीत. क्लासवर जगणं आजचं नाही. सा. ल. हळदणकरांसारख्या एवढ्या मोठ्या जलरंगकारानं 1908 साली मुंबईत स्वतःची चित्रकलेची शाळा काढली होती. आमच्या गावात बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवून पुढं आले, नावातच पेंटर लागलं ते त्यामुळं, मग त्यांनी सिनेमा काढला. हाताला येईल ते काम करत आपलं चित्र जिवंत ठेवायचं ही कोल्हापूरची जुनी रीत आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

क्लास सोडला तर मग ऑर्डरी, कुणाच्या फार्महाऊसचं, कुणाच्या गावच्या देवळाचं, रिटायर होणाऱ्या साहेबांना भेट द्यायला ऑफिसच्या बिल्डिंगचं. वर्षा-दोन वर्षांतून एक प्रदर्शन. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत लावायचं तर काही वर्षं आधी नंबर लावायला लागतो, शिवाय फ्रेमिंग, टेम्पो, आठवडाभर मुंबईत राहणं, छापील कार्ड. खासगी गॅलरीत लावलं तर माझ्या अनुभवात तीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत कमिशन जातं. हे चूक आहे असं म्हणत नाही, त्यांचंही भाडं असतं. पण चित्राखालची किंमत वाचून जे लोक म्हणतात दीड तासात एवढे पैसे, त्यांना त्या दीड तासामागं काय काय आहे ते कळावं. तीनशे जीएसएमचा, म्हणजे जाड, चांगला कॉटनचा कागद मी फुल शीट आणून चार तुकडे करते. त्यातले तीन तुकडे चित्राच्या पाठीमागच्या बाजूनं परत वापरले जातात, कारण पुढची बाजू फसलेली असते.

आणि फुकटचं. हे लिहायला नको वाटत होतं पण लिहिते. एका कार्यक्रमाला मला डेमोला बोलावलं, दोनशे लोकांसमोर दोन तासांत चित्र करून दाखवायचं. मानधनाचं विचारलं तर आयोजक म्हणाले, ताई, तुमचं नाव होईल, मोठमोठी माणसं येणार आहेत. मी गेले, कारण तेव्हा मला नाही म्हणता येत नव्हतं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ मिळाला आणि चित्र त्यांनी तिथंच ठेवून घेतलं, प्रमुख पाहुण्यांना भेट म्हणून देऊन टाकलं, मला न विचारता, माझ्यासमोर. एसटीचं भाडं मी घातलं. त्याच स्टेजवर साऊंडवाला होता, मांडववाला होता, केटरिंगवाला होता, सगळ्यांचे पैसे ठरलेले होते आणि ते ठरलेलेच असायला पाहिजेत. मग मी कामावर आलेले नव्हते का? गेटवरचा वॉचमन आणि हे आयोजक, दोघांच्या वागण्यात मला एकच गोष्ट दिसते. हे काम आहे असं कुणाला वाटतच नाही. एकाला वाटतं ही बाई उगाच बसलीय, दुसऱ्याला वाटतं ही हौसेनं आलीय.

ज्यांनी बसलेलं बघितलंय त्यांना मात्र कळतं. हे मी 2019 च्या महापुरानंतर बघितलं. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 43 फूट आहे यावरून अंदाज करा. शुक्रवार पेठेच्या बाजूला एक जुनं घर होतं, पुढं कट्टा, लाकडी खांब, वरच्या मजल्याला छोट्या खिडक्या, मातीच्या भिंती. मी ते आधीच्या वर्षी तीन सकाळी कट्ट्यासमोर बसून रंगवलं होतं. पाणी ओसरल्यावर दोन दिवसांनी त्या घराची पुढची भिंत खाली आली. घरातली माणसं आधीच बाहेर पडलेली, म्हणून जीव वाचले. महिन्याभरानं त्या घरातल्या आजी नातवाला घेऊन माझ्याकडं आल्या, म्हणाल्या, तू काढलेलं चित्र आहे का गं अजून? होतं. त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्या काही बोलल्या नाहीत, बोटानं कागदाच्या वरून, न टेकवता, कट्टा, खांब, खिडकी असं करत गेल्या आणि एका खिडकीपाशी थांबल्या, तिथं मी दोन तांबडे ठिपके दिले होते. म्हणाल्या, मिरच्या वाळत घातल्या होत्या मी. मला ते माहितीच नव्हतं. मला तिथं लाल दिसलं होतं म्हणून मी लाल लावला होता.

मी चित्र त्यांना देऊन टाकत होते, माणसाचं घर गेलेलं, पैसे कसले घ्यायचे. आजी ऐकायलाच तयार नाहीत. "फुकट नको. तीन दिवस बसली होतीस तू आमच्या दारात, मी बघितलंय. पाणी पण दोनदाच मागितलंस." त्या नातवाच्या हातानं दर महिन्याला पाचशे रुपये पाठवत राहिल्या, मी सांगितलेली किंमत पुरी होईपर्यंत, आणि त्या काळात त्या स्वतः भाड्याच्या घरात राहत होत्या. माझ्या आयुष्यात माझ्या कामाला मिळालेली याच्याहून मोठी किंमत नाही. गॅलरीत याच्या दहापट मिळालेली आहे.

त्या घराचे फोटो नव्हते असं नाही, लग्नाचे होते, त्यात पुढं माणसं आणि मागं थोडीशी भिंत. नुसतं घर कुणीच काढलेलं नव्हतं. आपल्याकडं हे काम चित्रकारांनी केलंय. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकून कोल्हापुरात परत आले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि त्यांनी आयुष्य कोटितीर्थ तलावाच्या काठी, रंकाळ्यावर, पंचगंगेवर बसून काढलं. 1931 साली ते गेले. तेव्हाचं पाणी, तेव्हाची झाडी, त्यावरचा संध्याकाळचा उजेड कसा होता हे आज आपल्याला त्यांच्या चित्रांतून कळतं. नाशिकला चित्रकार शिवाजी तुपे गोदाघाट आणि तिथली देवळं रंगवत राहिले, आज तिथल्या नव्या मुलांनी घाटावर जाऊन बसायचं धाडस त्यांच्याकडं बघून केलंय. या माणसांकडं कुणी परवानगीचा कागद मागितला असता आणि ते परत गेले असते तर आपलं किती गेलं असतं याचा विचार केला की मला अंगावर काटा येतो.

आणि असं नाही की सगळीकडं त्रासच आहे. वाईला आणि मेणवलीला मी कितीतरी वेळा जाऊन बसलेय. तिथं घाटावर थंडीत कुठल्याही रविवारी चार-पाच चित्रकार दिसतील, पुण्या-मुंबईचे, कॉलेजची मुलं. तिथल्या लोकांना सवय आहे, पूजेला आलेला माणूस वळसा घालून जातो, चहावाला विचारून कप ठेवून जातो, पोरं मागं बसून गप्प बघतात. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर एकदा अचानक पाऊस आला तर एका काकांनी स्वतःची छत्री आधी माझ्या कागदावर धरली, मग माझ्यावर. गावाला एकदा कळलं की हे काम आहे की वेगळ्या परवानगीची गरजच पडत नाही.

मग माझं मागणं काय. गेल्या वर्षी जुलैत आपले किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, बारा किल्ले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले, आमचा पन्हाळा पण त्यात आहे. आनंद झाला, पेढे वाटले. त्या नोंदीच्या नावातच लँडस्केप हा शब्द आहे, मराठा मिलिटरी लँडस्केप्स. आता तिथं बंदोबस्त वाढणार, फलक लागणार, नियम होणार, व्हायलाच पाहिजेत. तर ते नियम करताना दोन ओळी आमच्यासाठी घाला एवढंच म्हणणं आहे. एक माणूस, एक स्टूल, एक इझल, वाट न अडवता, कशाला न टेकता, काही न सांडता चित्र काढत असेल तर त्याला परवानगी आणि फी लागणार नाही, असं सरळ मराठीत लिहून गेटवर लावा. ओळख हवी असेल तर वहीत नाव-फोन लिहून घ्या, आधार कार्ड बघा, दोन मिनिटांचं काम आहे. कॉलेजची तीस मुलं एकदम येणार असतील तर प्राचार्यांचं पत्र घ्या, ते योग्यच आहे, पण त्या पत्राला उत्तर आठवड्यात द्या. सिनेमा-सिरियलच्या शूटिंगला राज्यात एक खिडकी योजना आहे, आम्हाला खिडकी पण नको, गेटवरच्या माणसाला काय सांगायचं ते ठरवून द्या म्हणजे त्याच्या नोकरीला धोका नाही आणि आमची सकाळ जात नाही. रंगाचं पाणी आम्ही बाटलीत परत नेतो, चिंध्या पिशवीत नेतो. जो नेत नसेल त्याला जरूर दंड करा, मी स्वतः त्याला बोलेन.

महापालिका, पुरातत्त्व खातं, देवस्थानं, धरणाची खाती, ज्यांच्या ज्यांच्या ताब्यात अशा जागा आहेत त्या सगळ्यांना हे लागू पडतं. आणि कार्यक्रमाला चित्रकार बोलावणाऱ्यांना एक विनंती, बोलावताना मानधन किती आणि चित्र कुणाचं राहणार हे फोनवरच सांगा. आम्हाला विचारायची लाज वाटते, निदान माझ्या वयाच्या बायकांना तरी अजून वाटते, माझ्या विद्यार्थिनींना वाटू नये अशी इच्छा आहे.

माझा अर्ज मी त्याच दिवशी दिला, पोच घेतलीय. हे लिहीपर्यंत उत्तर नाही. संक्रांतीनंतर सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेला सरकतो, फेब्रुवारी संपला की त्या कमानीत सकाळचं ऊन तसं आत येत नाही, भिंतीवरच अडतं, म्हणजे त्यानंतर परवानगी आली तर मला पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबायला लागणार. त्या दिवशीचा कागद अजून तसाच बोर्डावर आहे. आकाश आणि मागची भिंत झालीय, कमान कोरी आहे. टेप काढलेली नाही.

आपली,
एक चित्रकार, कोल्हापूर